खासगीपणा जपणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पात शिरायचं कसं: नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा फोन घेऊन माझ्याकडे आला. "ताई, बारा दिवस झाले, कोणीच उत्तर देऊन नाही राहिलं. काहून?" त्याने एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, चॅटमध्ये निरोप टाकला होता. मी तो वाचला. आदरणीय सर, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, मला सी, जावा आणि पायथन येतं, मला तुमच्या प्रकल्पात सामील व्हायचं आहे, कृपया मार्गदर्शन करावं. इंग्रजी बरोबर होतं, भाषा नम्र होती. तरीही उत्तर आलं नाही, कारण त्या निरोपाला देण्यासारखं उत्तरच नव्हतं.

पलीकडे जो माणूस तो निरोप वाचतो, तो बहुधा दिवसभराची नोकरी उरकून बसलेला असतो. याने आपलं सॉफ्टवेअर कधी वापरलंय का, याला नेमकं काय करायचंय, आठवड्याला किती वेळ देईल, यातलं काहीच त्याला कळत नाही. उत्तर द्यायचं तर आधी त्यालाच पाच-सहा प्रश्न विचारावे लागतील. असे निरोप महिन्याला ढिगाने येतात आणि त्यातले बहुतेक जण पुन्हा दिसत नाहीत, त्यामुळे तो पुढे सरकतो. यात कुणाचा अपमान नाही.

मी स्वतः काही वर्षं अशा प्रकल्पांसाठी फावल्या वेळात काम करते. मदतीची पानं, मराठी भाषांतर, अधूनमधून कोड. त्या मुलासोबत पुढचे तीन महिने रविवारी सकाळी बसले आणि त्याला जे जे सांगितलं ते इथे लिहिते आहे. तिसऱ्या वर्षाला असाल, पहिल्याच वर्षाला असाल किंवा बीसीए करत असाल, पायऱ्या त्याच आहेत.

आधी एक नागपूरची गोष्ट. खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. पुट्टस्वामी खटला म्हणून तो ओळखला जातो. त्या नऊ जणांत न्यायमूर्ती शरद बोबडे होते. ते आपल्या नागपूरचे, इथेच शिकले, इथेच वकिली केली, पुढे सरन्यायाधीश झाले. हक्क कागदावर आला, पण तो रोजच्या वापरात आणायला हत्यारं लागतात. ब्राउझर, पासवर्ड मॅनेजर, मेसेजिंग ॲप ही ती हत्यारं, आणि ती कोणीतरी बसून बनवतं. त्यात आपल्याकडचेही हात असावेत असं मला मनापासून वाटतं.

हे प्रकल्प वेगळे का

एखाद्या गेमच्या किंवा कॅलेंडर ॲपच्या प्रकल्पात तुमचा कोड चांगला असला की काम झालं. खासगीपणाच्या प्रकल्पात कोडसोबत माणूसही पाहिला जातो. त्यामागे कारण आहे, आणि ते समजून घेतलं की पुढची वाट पाहणं सोपं जातं.

फाईल दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची एक लायब्ररी आहे, म्हणजे इतर सॉफ्टवेअर वापरतात असा तयार कोड. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये ती असते. जिया टॅन असं नाव लावणारी एक व्यक्ती 2021 पासून दोनेक वर्षं तिथे चांगलं काम करत राहिली आणि हळूहळू तिला मेंटेनरचे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचे, अधिकार मिळाले. मग 2024 च्या सुरुवातीला 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये तिने चोरदरवाजा घुसवला. सर्व्हरमध्ये दुरून शिरण्यासाठी जी एसएसएच यंत्रणा वापरतात, तिच्यावर त्याचा नेम होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू वाटलं, तो मुळापर्यंत गेला आणि 29 मार्च 2024 रोजी त्याने ते जगासमोर आणलं. बहुतेक सर्व्हरपर्यंत त्या आवृत्त्या पोचायच्या आत प्रकरण उघडं पडलं.

आता मेंटेनरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ओळखदेख नसलेला कोणीतरी येतो आणि पहिल्याच आठवड्यात पासवर्ड साठवण्याच्या भागातला कोड बदलून पाठवतो. तुम्ही लगेच घ्याल का? नाही घेणार. म्हणून नवख्याने छोट्या, सहज तपासता येणाऱ्या कामापासून सुरुवात करायची आणि परत परत येत राहायचं. इथे विश्वास हप्त्याहप्त्याने जमा होतो.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं वापरा

कोडकडे अजून बघायचंच नाही. एक हत्यार निवडा आणि रोज वापरा.

पासवर्डसाठी कीपासएक्ससी घ्या. ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे आणि सगळे पासवर्ड तुमच्याच मशीनवर एका कुलूपबंद फाईलमध्ये ठेवतं. फोनवर ओपन सोर्स ॲप्स हवी असतील तर एफ-ड्रॉइड हे ॲप स्टोअर आहे. ईमेलसाठी अँड्रॉइडवरचं थंडरबर्ड आहे, ते पूर्वीच्या के-नाइन मेलमधूनच तयार झालं. कुठल्या नेटवर्कवर कोणती साइट अडवली जाते हे मोजणारा ऊनी प्रकल्प आहे, त्याचं मोजणीचं इंजिन गो भाषेत आहे. आणि आपण कोण ते लपवून इंटरनेट वापरू देणारं टॉर तर आहेच.

टॉर निवडणाऱ्यांसाठी थोडं जास्त सांगते, कारण त्याबद्दल कॉलेजात ऐकीव गोष्टीच फार. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक कुलपं लावायची ही कल्पना 1990 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत सुरू झाली. टॉरचा कोड 2002 पासून खुला आहे आणि तो सांभाळणारी ना-नफा संस्था 2006 मध्ये स्थापन झाली. टॉर ब्राउझर फायरफॉक्सवर बेतलेला आहे. तुमची माहिती तीन रिलेंमधून, म्हणजे वाटेतल्या तीन सर्व्हरमधून, जाते. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे चाललात ते नाही. तिसऱ्याला कुठे चाललात ते कळतं पण कोण ते नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की प्रकल्पातली निम्मी चर्चा समजायला लागते.

टॉर ब्राउझर वापरायला भारतात कायद्याने बंदी नाही. मात्र कॉलेजच्या किंवा होस्टेलच्या नेटवर्कचे स्वतःचे नियम असतात, ते आधी वाचा. आणि घरच्या ब्रॉडबँडवर एक्झिट रिले चालवायच्या फंदात अजिबात पडू नका. एक्झिट म्हणजे तो तिसरा रिले. अनोळखी लोकांची माहिती तुमच्या घरच्या पत्त्यावरून बाहेर पडते, आणि तक्रार आली तर ती तुमच्या बाबांच्या नावावर येते. काही चालवून मदत करायचीच असेल तर स्नोफ्लेक हे ब्राउझरचं एक्स्टेंशन लावा. ज्यांच्या देशात टॉर अडवलं जातं त्यांना ते आत शिरायला वाट देतं, पण त्यांची माहिती तुमच्या पत्त्यावरून शेवटच्या साइटपर्यंत जात नाही.

या दोन आठवड्यांत एक वही ठेवा. कुठे अडलात, कोणता शब्द कळला नाही, मदतीच्या पानावर लिहिलेलं आणि पडद्यावर दिसलेलं कुठे जुळलं नाही, ते तारीख टाकून लिहा. सॉफ्टवेअरची सवय झाली की या गोष्टी दिसेनाशा होतात. मेंटेनरांना त्या कधीच्याच दिसत नाहीत. नवखा असण्याचा तुमचा फायदा तेवढ्याच दिवसांचा असतो, म्हणून लगेच लिहून ठेवा.

दुसरी पायरी: प्रकल्प जिवंत आहे का ते पाहा

गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवण्याच्या साइटवर प्रकल्पाचं पान उघडा. शेवटचा बदल कधी झाला? बाहेरच्या लोकांनी पाठवलेल्या बदलांना उत्तरं मिळतात का, की सहा-सहा महिने तशीच पडून आहेत? परवाना कोणता आहे? हातभार कसा लावायचा ते सांगणारी फाईल आहे का? तिचं नाव बहुधा कॉन्ट्रिब्युटिंग असं असतं. ती फाईल शेवटपर्यंत वाचा. आमच्या गल्लीतला मुलगा ती फोनवर उतरवून लोकमान्य नगर ते सीताबर्डी मेट्रोत वाचायचा, दोन फेऱ्यांत झाली. ज्या प्रश्नाचं उत्तर त्या फाईलमध्ये आहे तोच प्रश्न चॅटमध्ये विचारला, की पहिली छाप बिघडते.

तिसरी पायरी: स्वतःचं नाव आधी सांभाळा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यात तुम्ही केलेल्या प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, तुमचं नाव आणि ईमेल चिकटतं. तो इतिहास जगभरातले लोक आपापल्या मशीनवर उतरवून घेतात. एकदा बाहेर गेलं की परत घेता येत नाही. कॉलेजने दिलेल्या ईमेलमध्ये तुमचं नाव, शाखा, कधीकधी रोल नंबरसुद्धा असतो. तो पत्ता तुमच्या पहिल्या कमिटमध्ये कायमचा राहावा असं तुम्हाला खरंच वाटतं का, याचा विचार काम सुरू करायच्या आधी करा.

खरं नाव लावायचं की टोपणनाव, हे तुम्ही ठरवायचं. नोकरीच्या अर्जात हे काम दाखवायचं असेल तर खरं नाव सोयीचं. टोपणनावानेच वर्षानुवर्षं काम करणारे आणि मानाने वागवले जाणारे लोक या क्षेत्रात भरपूर आहेत. काहीही ठरवा, पण एकच ठरवा, कारण विश्वास त्या नावावर जमा होणार आहे. कामासाठी वेगळा ईमेल काढा. गिटहबवर ईमेल लपवण्याची सोय आहे, ती चालू केली की तुम्हाला कमिटसाठी एक वेगळाच पत्ता मिळतो. तो गिटच्या सेटिंगमध्ये टाका. मग एक रिकामी चाचणी कमिट करा, गिट लॉग चालवा आणि तिथे काय दिसतंय ते डोळ्यांनी पाहा. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. खातं चोरीला गेलं तर चोर तुमच्या नावाने कोड पाठवतो, आणि खासगीपणाच्या प्रकल्पात ही फार गंभीर बाब असते.

टॉरच्या गिटलॅबवर खातं आपोआप उघडत नाही, अर्ज करावा लागतो आणि तो माणूस तपासतो. अर्जात कशासाठी खातं हवं ते एका वाक्यात नीट लिहा आणि काही दिवस थांबा. खातं न काढता निनावी तिकीट, म्हणजे तक्रारीची किंवा कामाची नोंद, टाकण्याचीही तिथे सोय आहे.

चौथी पायरी: मशीन

यावर फार वेळ घालवू नका. 8 जीबी रॅमचा लॅपटॉप आणि त्यावर उबुंटू किंवा डेबियन, एवढं सुरुवातीला पुरतं. विंडोज ठेवायचंच असेल तर त्याच्या आत लिनक्स चालवता येतं. प्रकल्पाचा पूर्ण इतिहास उतरवायला डेटा फार लागत असेल तर गिट क्लोन करताना डेप्थ एक द्या, म्हणजे फक्त ताजी स्थिती येते.

अख्खा टॉर ब्राउझर घरी बिल्ड करायचा, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायचा, हट्ट धरू नका. त्यात फायरफॉक्सचा सगळा पसारा आहे. टॉरमध्येच काम करायचं तर आर्टी पाहा. सीमध्ये लिहिलेलं मूळ टॉर रस्ट भाषेत नव्याने लिहिण्याचा तो प्रकल्प आहे आणि साध्या लॅपटॉपवर बिल्ड होतो. मे महिन्यात मात्र हे काम पहाटे करा. दुपारी खोलीत कूलर लावूनही लॅपटॉप तापतो, स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो आणि वीस मिनिटांचं बिल्ड तासभर चालतं. त्यात लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. एका वेळी दोनच कामं चालव असं बिल्डला सांगितलं तर मशीन जरा थंड राहते.

पाचवी पायरी: पहिलं काम निवडा

नवख्यांसाठी वेगळी खूण केलेली तिकिटं बहुतेक प्रकल्पांत असतात. ती पाहाच, पण त्यावर आधीच दहा जण टपलेले असतात. त्यापेक्षा पुढची तीन कामं जास्त उपयोगाची.

एक म्हणजे मदतीच्या पानांची दुरुस्ती. तुमची दोन आठवड्यांची वही इथे कामी येते. जुना झालेला स्क्रीनशॉट, बदललेल्या मेन्यूचं नाव, मेलेला दुवा. बदल दोन ओळींचा असतो, तपासायला मिनिट लागतं आणि त्या निमित्ताने पाठवण्याची सगळी प्रक्रिया तुमच्या हाताखालून जाते.

दुसरं, बग पुन्हा घडवून दाखवणं. कोणीतरी चार महिन्यांपूर्वी तक्रार टाकलेली असते की अमुक केलं की ॲप बंद पडतं. तुम्ही तेच तुमच्या मशीनवर करून पाहायचं. घडलं तर सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, नेमक्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे क्रमाने लिहायचं. नाही घडलं तर तेही लिहायचं, तेवढीच माहिती मोलाची असते.

इथे माझी एक चूक सांगते. अगदी सुरुवातीला एका प्रकल्पात बग नोंदवताना मी टर्मिनलमधला अख्खा लॉग उचलून चिकटवला. काम मन लावून केल्याचा आनंद होता. तासाभराने तिथल्या एका जुन्या माणसाने मला वेगळा निरोप पाठवला की तुझ्या लॉगमध्ये तुझं पूर्ण नाव आहे, घरच्या वायफायचं नाव आहे आणि एका फोल्डरवरून तू कोणत्या बँकेत खातं ठेवतेस तेही कळतं. त्याने तो भाग स्वतःच झाकून टाकला होता. तरी तिकिटाच्या सूचना ज्यांना ईमेलने जातात, त्यांच्याकडे तो मजकूर पोचून गेला होता. दुसऱ्यांची माहिती जपणाऱ्या कामात मी पहिल्याच दिवशी स्वतःची माहिती वाटून बसले, याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून लॉग आधी साध्या एडिटरमध्ये टाकते. होम फोल्डरचं नाव, मशीनचं नाव, वायफाय, आयपी पत्ता, ईमेल, फाईलची नावं हे सगळं एकेक शोधून बदलते आणि मगच चिकटवते. स्क्रीनशॉट काढताना खालची पट्टी आणि उघडे टॅबसुद्धा पाहते.

तिसरं काम भाषांतराचं. मराठी मुलामुलींनी यात नक्की उतरावं. अनेक प्रकल्प वेबलेट नावाच्या मंचावर भाषांतर करून घेतात. डावीकडे इंग्रजी ओळ, उजवीकडे तुमची मराठी. सोपं दिसतं, पण यंत्राने केलेली भाषांतरं पाहिली की काम किती बाकी आहे ते कळतं. ट्रॅफिकचं वाहतूक केलेलं असतं. "तुमची वाहतूक तीन रिलेमधून जाते" हे वाचून व्हरायटी चौकातला सिग्नल आठवतो, ब्राउझर नाही. तिथे सरळ "तुमचा डेटा" लिहावं. सूचना बंद करण्याच्या बटणावर मी "बडतर्फ करा" वाचलेलं आहे. निनावी आणि अज्ञात यांतही फरक आहे. निनावी म्हणजे नाव न सांगता वावरणारा, अज्ञात म्हणजे कोण ते माहीतच नसलेला, आणि वापरणारा अज्ञात असल्याचं सांगितलं तर त्याला ती चुकीची सूचना वाटते.

आणखी एक अडचण खास मराठीची. वाक्यात पर्सेंट एससारखी रिकामी जागा असते आणि तिथे ऐनवेळी फाईलचं किंवा साइटचं नाव बसतं. आपल्याकडे नाव वाक्यात बसताना रूप बदलतं, नागपूरचं नागपुरात होतं. रिकाम्या जागेचं रूप कसं बदलणार? म्हणून त्या जागेनंतर "या फाईलमध्ये", "या साइटवर" असा आधाराचा शब्द घालायचा, म्हणजे कोणतंही नाव आलं तरी वाक्य मोडत नाही. आणि नकार असलेली ओळ दोनदा वाचायची. "यामुळे तुमचा आयपी पत्ता लपत नाही" यातला "नाही" निसटला, तर कोणीतरी त्या ओळीवर भरवसा ठेवून अडचणीत येऊ शकतं.

सहावी पायरी: बोलायचं कसं

आता त्या मुलाचा निरोप पुन्हा लिहू. आम्ही दोघांनी बसून लिहिला तो साधारण असा होता: नमस्कार, मी दोन आठवडे तुमचं सॉफ्टवेअर उबुंटू 24.04 वर वापरतो आहे. फाईल आयात करण्याच्या मदतीच्या पानावर तिसरी पायरी आताच्या मेन्यूशी जुळत नाही, तिथे दिलेला पर्याय दुसऱ्या यादीत गेला आहे. हे मी दुरुस्त करून पाठवू का, की कोणी आधीच करत आहे? आठवड्याला चारेक तास देऊ शकतो.

यात सर नाही, आदरणीय नाही, शिक्षणाची यादी नाही. त्या जगात सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मग तो तुमच्या वडिलांच्या वयाचा का असेना. आपल्याला ते सुरुवातीला जड जातं, पण त्यात उद्धटपणा नाही. उत्तर चार तासांत आलं: कोणी करत नाहीये, पाठव.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मी स्वतः मराठी माध्यमातली. तिथे जर्मन, ब्राझिलियन, इराणी सगळे येतात आणि तोडकंमोडकं लिहितात. छोटी वाक्यं लिहा, एका निरोपात एकच प्रश्न. प्रश्न सगळ्यांसमोर विचारा, एखाद्याला वेगळं गाठून नको. सगळ्यांसमोर विचारला तर ज्याला वेळ आहे तो उत्तर देतो, आणि तुमच्या मागून येणाऱ्यालाही ते सापडतं. चर्चा कधी आयआरसीवर, कधी मॅट्रिक्सवर असते, या दोन्ही चॅटच्या यंत्रणा. आयआरसीवर खिडकी बंद केली की नंतर आलेलं उत्तर दिसत नाही, म्हणून प्रश्न विचारून लगेच निघून जाऊ नका.

वेळेचं गणितही लक्षात ठेवा. बैठकांच्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत लिहितात, आपण त्यात साडेपाच तास मिळवायचे. सोळा वाजता म्हटलं की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. युरोपातले लोक आपल्या दुपारी जागे होतात, अमेरिकेतले संध्याकाळनंतर. म्हणून दोन दिवस उत्तर नाही आलं तर गप्प राहा. आठवडा झाला तर त्याच धाग्यावर एकदा नम्रपणे आठवण करा.

सातवी पायरी: बदल पाठवणं

वेगळी ब्रँच, म्हणजे तुमच्या बदलांसाठी कोडची वेगळी फांदी, काढा. एका मर्ज रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत, एकच गोष्ट. त्या मुलाने पहिल्या वेळी दोन ओळी बदलल्या, पण त्याच्या एडिटरने आपणहून अख्ख्या फाईलमधल्या मोकळ्या जागा नीट केल्या आणि बदल तीनशे ओळींचा दिसायला लागला. असा बदल कोणी तपासत नाही, आणि एक्सझेडनंतर तर नाहीच. पाठवायच्या आधी गिट डिफ चालवून प्रत्येक ओळ वाचा. जी ओळ तुम्ही मुद्दाम बदललेली नाही ती तिथे दिसायला नको.

कमिटच्या निरोपात पहिल्या ओळीत काय केलं ते, एक ओळ सोडून का केलं ते. चाचण्या असतील तर आधी स्वतःच्या मशीनवर चालवा. एआयकडून कोड लिहून घेतला असेल तर प्रकल्पाचा त्याबद्दलचा नियम आधी वाचा. काहींनी सरळ बंदी घातली आहे, जेन्टू लिनक्सने ती 2024 मध्येच घातली. नियम काहीही असो, जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती पाठवू नका. रिव्ह्यू करणारा तिच्याबद्दलच विचारेल.

रिव्ह्यूत, म्हणजे तुमचा बदल तपासला जाताना, दहा सूचना येतील. नाव बदला, हे वाक्य तोडा, इथे चाचणी लावा. आपल्याकडे वहीवर लाल शाई म्हणजे मार्क गेले असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा छातीत धस्स होतं. खरं तर कोणीतरी अर्धा तास काढून तुमचं काम ओळ न् ओळ वाचलेलं असतं. प्रत्येक सूचनेला उत्तर द्या, पटली नाही तर का ते सांगा, बदल करून पुन्हा ढकला. परीक्षा आली आणि वेळ नसेल तर तसं लिहा. "विद्यापीठाच्या परीक्षा आहेत, तीन आठवड्यांनी येतो" असं सांगून गेलेला माणूस लक्षात राहतो, न सांगता गायब झालेलाही राहतो.

काम करताना सुरक्षेत भोक सापडलं, म्हणजे पासवर्ड उघडा पडतोय किंवा खरा आयपी पत्ता बाहेर जातोय असं दिसलं, तर सार्वजनिक तिकीट टाकू नका, चॅटमध्ये विचारू नका, मित्राला स्क्रीनशॉट पाठवू नका. सिक्युरिटी नावाची फाईल शोधा, तिथे खासगीत कळवायचा पत्ता असतो. दुरुस्ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचेपर्यंत तोंड बंद ठेवायचं.

पैसे मिळतात का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो विचारायलाच हवा. मुख्य वाटा दोन. गुगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे. 2022 पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरतं नाही, 18 वर्षांवरच्या ओपन सोर्समधल्या नवख्यांना अर्ज करता येतो. काम 90, 175 किंवा 350 तासांचं असतं. प्रकल्पांची यादी साधारण फेब्रुवारीत येते, अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास. टॉरसारख्या प्रकल्पांनी त्यात भाग घेतलेला आहे, पण दर वर्षीची यादी वेगळी असते, ती पाहूनच ठरवा. दुसरी वाट आउटरीची. तंत्रज्ञानात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो किंवा ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे अशांसाठी ती आहे. वर्षातून दोनदा, तीन महिने, 7,000 डॉलर मानधन. आपल्याकडच्या मुलींनी आणि वंचित समाजांतून आलेल्या मुलांनी तिचे पात्रतेचे नियम नक्की वाचावेत.

दोन्हीकडे यादी लागायच्या कितीतरी आधीपासून प्रकल्पात वावरणाऱ्यांचं पारडं जड असतं. म्हणून दिवाळीच्या सुमारास सुरुवात करा. आणि तारखा आपल्या उन्हाळी परीक्षांशी कुठे धडकतात ते अर्जातच लिहा, लपवू नका.

नंतर

पहिला बदल घेतला गेला की स्क्रीनशॉट काढून घरच्यांना दाखवा, आनंद करा. मग पुढच्या आठवड्यात त्याच प्रकल्पात परत जा. बरेच जण पहिल्या बदलानंतर दुसरा प्रकल्प शोधतात आणि प्रत्येक ठिकाणी अनोळखीच राहतात. एकाच जागी सहा महिने राहा. दुसऱ्या नवख्याचा प्रश्न दिसला आणि उत्तर माहीत असलं तर द्या.

आमच्या गल्लीतल्या मुलाचा मदतीच्या पानावरचा बदल दोन फेऱ्यांच्या रिव्ह्यूनंतर एका मंगळवारी मर्ज झाला. त्यानंतर त्याने तीन जुने बग पुन्हा घडवून दाखवले, त्यातला एक आता स्वतः दुरुस्त करतो आहे. चाचणी कशी लिहायची यात तो अडला आहे. गेल्या रविवारी तर्री पोहे बाजूला थंड होत होते आणि हा मांडीवर लॅपटॉप घेऊन दुसऱ्याने लिहिलेली जुनी चाचणी ओळीओळीने वाचत होता.